तीर्थवाटा : पाहून जाजो

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालेला रस्ता वलगावापाशी पेढी नदी ओलांडतो. याच नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. आजारी अवस्थेत त्यांना मोटारीतून अमरावतीकडे आणले जात होते. आयुष्यभर गावोगावच्या वाटा झाडीत फिरलेला हा पुरुष अखेरच्या घटकेलाही वाटेवरच होता. वलगावकर त्या स्थानाला निर्वाणभूमी म्हणतात. तेथून तोच रस्ता धरून उत्तरेस पन्नास-पंचावन्न किलोमीटर गेले, की सातपुड्याच्या कुशीत मुक्तागिरी लागते. तीही निर्वाणभूमीच. वऱ्हाडातील जैन घरांना हा रस्ता इतका पायाखालचा आहे, की त्याच्याकडे मुद्दाम पाहण्याचे कोणाला सुचत नाही.

वऱ्हाडात घरातून कोणी बाहेर पडू लागले, की उंबऱ्यात उभे असलेले माणूस ‘येजो’ म्हणते. वाट अवघड असेल तर त्याला ‘पाहून जाजो’ अशी पुस्ती जोडते. निरोपाचे हे शब्द बोलणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाहीत, इतके ते सवयीचे आहेत. मुनींच्या आचारात मात्र नेमक्या याच गोष्टीला ईर्यासमिती असे नाव आहे, आणि तत्त्वार्थसूत्राने अहिंसाव्रताच्या पाच भावनांमध्ये तिची गणना केली आहे. चार हात पुढची भूमी पाहत, सूर्यप्रकाशात, इतरांच्या येण्याजाण्याने मळलेल्या वाटेवरून, जीवाला बाधा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकणे, हा तिचा अर्थ.

गेल्या पावसाळ्यात वलगावच्या एका सैतवाल घरात या निरोपाच्या शब्दांवरून थोडी कुरबुर झाली. घरची नात ॲरिझोना राज्यातून तीन आठवड्यांच्या रजेवर आली होती. नोकरीच्या निमित्ताने तिचे वास्तव्य फिनिक्स शहरी. सुटीच्या दिवशी तेथून उत्तरेस दोन तासांवरच्या सेडोनाच्या लाल कड्यांतून चालायला जाण्याचा तिला छंद जडलेला. श्रावण लागला होता, मुक्तागिरीचा धबधबा भरात होता, आणि मैत्रिणींच्या भ्रमणध्वनींवर त्याची छायाचित्रे रोज येत होती. जाऊ या, असे ती म्हणाली. आजींनी मान हलवली. ऐंशी ओलांडलेल्या या आजींचा मुक्तागिरीचा नेम जुना आहे, परंतु तो कार्तिकातला. चातुर्मास उठल्यावर, अष्टाह्निकेच्या पर्वात.

“पावसात काऊन जा लागते? दिवाई झाली की जाऊ.”

रजा दिवाळीपर्यंत पुरणार नव्हती. नातीने समजूत घालण्यासाठी सांगितले, की ती काही फार मोठी गोष्ट नाही, साधा ट्रेक आहे. बिघडले ते या शब्दाने. आजींच्या लेखी मुक्तागिरीची वंदना होते. तिथे हिंडायला कोणी जात नाही.

या आक्षेपाला जुनेपणाचा हट्ट म्हणून हसून सोडता येत नाही, कारण त्याच्यामागे शास्त्र आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात गृहस्थासाठी अनर्थदंडव्रत सांगितले आहे. ज्यातून काही प्रयोजन सिद्ध होत नाही आणि जीवांना दंड मात्र होतो, अशा कर्मांचा त्याग म्हणजे हे व्रत. त्यात प्रमादचर्या नावाचा एक प्रकार आहे. कारणावाचून जमीन उकरणे, पाणी उडवणे, विस्तव पेटवणे, वारा घालणे, झाडपाला तोडणे या गोष्टी त्यात येतात. आणि त्याच ओळीत कारणावाचून स्वतः भटकणे व दुसऱ्याला भटकवणे हेही येते. आजच्या भाषेत ज्याला सहल म्हणतात तिची ही जवळजवळ संपूर्ण यादीच आहे. डोंगरात जायचे, पाण्यात खेळायचे, चूल पेटवायची, फांदी तोडून काठी करायची, आणि सोबत दहा जणांना न्यायचे!

मग जैन गृहस्थाने रानावनात पाऊलच टाकू नये काय? तसे म्हटले तर सिद्धक्षेत्रांची यादीच पुसावी लागेल. सम्मेदशिखर, गिरनार, मांगीतुंगी, गजपंथा, कुंथलगिरी ही सगळी डोंगरांवरच आहेत, आणि मोक्षाला गेलेले मुनी तेथे मुक्कामाला बोलावलेले पाहुणे नव्हते. ते स्वतः चालत गेले होते. शास्त्राचा रोख ‘विफल’ या शब्दावर आहे. डोंगर चढण्याला फळ आहे की नाही, हे डोंगराच्या नावावरून ठरत नाही. मुक्तागिरीला जाऊनही विफल चालता येते, आणि तशी चालणारी माणसे तेथे पुष्कळ दिसतात. बावन्न मंदिरे दीड तासात ‘उरकून’ परतवाड्याला जेवायला वेळेवर पोहोचल्याचा अभिमान बाळगणारी यात्रेकरू कुटुंबे काही थोडी नाहीत. धबधब्याखाली आरडाओरड करणाऱ्या तरुणांना नावे ठेवताना त्यांच्या हातून फराळाची रिकामी पाकिटे कठड्यावर राहून गेलेली असतात.

अखेर आजींनी तीन अटी घातल्या. सूर्योदयानंतर चढायचे, पायऱ्या सोडून इकडेतिकडे जायचे नाही, आणि पाण्यात उतरायचे नाही. नातीने त्या मान्य केल्या. घरच्या मोटारीतून मंडळी निघाली. दारातून सून ‘पाहून जाजा’ म्हणाली.

वलगाव सोडले, की दोन्ही बाजूंना पूर्णेच्या खोऱ्याची काळी, सपाट जमीन पसरत जाते. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेला हा गाळ आहे. या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. जमीन कसदार, पण विहिरीला हात घालावा तर पाणी खारे. अशा प्रदेशातील जैन घरांत पाणी गाळून घेणे आणि गाळलेली जिवाणी पुन्हा त्याच पाण्यात सोडणे हा आचार टिकला, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. आसेगावापाशी पूर्णा ओलांडली, की क्षितिजावर निळी रेघ दिसू लागते. परतवाडा जवळ येईल तसतशी ती रेघ भिंत होते. भूशास्त्रज्ञ सांगतात, की येथे गाविलगडचा मोठा विभंग आहे. भूकवच त्या रेषेवर तुटले, दक्षिणेकडची बाजू खचली, उत्तरेकडची उंच राहिली. म्हणून सातपुडा येथे हळूहळू चढत नाही. शेताच्या बांधापासून एकदम उभा राहतो.

ही भिंत बहुतांशी काळ्या पाषाणाची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतल्या गेलेल्या लाव्ह्याची आहे. पावसाने धुतलेल्या अशा कड्यांकडे नीट पाहिले, तर काळ्या थरांच्या मध्ये कोठे कोठे विटेसारखा लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत दीर्घ काळ गेला, तेवढ्या काळात खालच्या दगडाची झिजून माती झाली, आणि वरून आलेल्या तप्त रसाने ती भाजली गेली. त्या मातीतील लोह गंजले, म्हणून ती लाल. सातपुड्याच्या पायथ्याशी बैरम, बेलखेर आणि पूर्वेकडे सालबर्डी या भागांत तर लाव्ह्याच्याही खालचा, त्याहून कितीतरी जुना गोंडवन काळातील वालुकाश्म उघडा पडला आहे. ॲरिझोनाच्या लाल कड्यांचेही रहस्य तेच आहे. तेथे वाळूच्या कणांवर लोहाच्या गंजाचे पातळ लेपन बसले आणि डोंगरच्या डोंगर रंगून गेले.

नातीने मोटारीत आजींना त्या लाल मुलखाची हकीकत सांगितली. सेडोनाभोवतीचे कडे कोकोनिनो राष्ट्रीय वनात येतात. तेथे चालायच्या वाटा आखलेल्या आहेत आणि वाट सोडू नका असे फलक जागोजागी आहेत. वाट सोडली तर माणूस हरवेल, एवढेच त्याचे कारण नाही. त्या कोरड्या लाल मातीवर काही ठिकाणी काळसर, खडबडीत, पापडासारखा पापुद्रा असतो. पाहणाऱ्याला ती करपलेली माती वाटते. प्रत्यक्षात तो पापुद्रा जिवंत असतो. डोळ्यांना न दिसणारे तंतुमय सूक्ष्मजीव वाळूचे कण एकमेकांना बांधून धरतात. त्यांच्यावर शेवाळ आणि आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातीच्या वनस्पती वाढतात. वारा आणि पाऊस यांपासून तेथील जमीन धरून ठेवण्यात या पापुद्र्याचा मोठा वाटा आहे. कोणी त्याच्यावर पाय दिला, की तो पिठासारखा चुरतो; पुन्हा बसायला कित्येक वर्षे, काही जागी दशके लागतात. म्हणून चालणाऱ्याने मळलेल्या वाटेवरून, नाहीतर उघड्या खडकावरून, नाहीतर ओढ्याच्या कोरड्या वाळूतून जावे, असा तेथील दंडक आहे.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हंजे तथीबी माती जिती हाये म्हना.”

मूलाचारात मुनींच्या मार्गाचे जे वर्णन येते ते आजींनी प्रवचनांत अनेकदा ऐकलेले आहे. गाड्या, गुरे, माणसे यांच्या वर्दळीने आणि उन्हाच्या तापाने प्रासुक झालेली वाट मुनींनी धरावी. हिरवळ, ओली माती, वारूळ, अंकुर टाळावेत. त्या ग्रंथकारांना लाल वाळवंट ठाऊक नव्हते आणि वनखात्याच्या फलक लिहिणाऱ्यांना मूलाचार ठाऊक नसावा. दोघांची दृष्टी एकच आहे असेही म्हणवत नाही. एकाला जमीन राखायची आहे, दुसऱ्याला चालणाऱ्याचा आत्मा. पण पायाला मिळणारी सूचना मात्र अक्षरशः सारखी निघावी, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्याने खरपी गाठली, की मुक्तागिरीचा फाटा फुटतो. परतवाड्यापासून हे अंतर चौदा किलोमीटरांच्या आसपास. वाटेत राज्याची सीमा ओलांडली जाते, कारण क्षेत्र मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात आहे. यात्रेकरूच्या मनात ही सीमा कधी नसते. त्याच्या हिशेबी मुक्तागिरी अचलपूरचीच. आणि हा हिशेब जुना आहे. प्राकृत निर्वाणकांडात मेंढागिरीच्या शिखरावरून साडेतीन कोटी मुनी मोक्षास गेल्याचे सांगितले आहे आणि त्या शिखराचे स्थान अचलपूरच्या ईशान्येस म्हणून दिले आहे. नकाशा उघडून पाहिला तर दिशा आजही चुकत नाही. अचलपूरचे नावही जैन विद्येत एका वेगळ्याच कारणाने अमर झाले आहे. बाराव्या शतकात गुजरातेत बसून प्राकृताचे व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राचार्यांनी या एका गावाच्या नावासाठी स्वतंत्र सूत्र रचले. ‘अचलपूर’ मधील च आणि ल लोकांच्या तोंडी जागा बदलतात, असे ते सूत्र सांगते. एलिचपूर हे नाव त्याच उलटापालटीचे वंशज. वऱ्हाडी जिभेची खोड आठशे वर्षांपूर्वी व्याकरणात नोंदली गेली, हे वाचून कोणाला आनंद होणार नाही!

मेंढागिरी या नावाची कथा घरोघर सांगितली जाते. डोंगरावर एक मुनी ध्यानस्थ बसले होते. वरच्या कड्यावरून एका मेंढ्याचा पाय घसरला आणि तो त्यांच्यासमोर येऊन आदळला. मरणोन्मुख प्राण्याच्या कानात मुनींनी णमोकार मंत्र सांगितला. मेंढा देवगतीला गेला, आणि कृतज्ञतेने परत येऊन त्याने या जागी मोत्यांची वृष्टी केली. मोती म्हणजे मुक्ता, म्हणून मुक्तागिरी. अष्टमी-चतुर्दशीला येथे केशराचा शिडकावा होतो, अशीही श्रद्धा आहे. कथेतील चमत्कार कोणी कसा घ्यावा हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु एवढ्या मोठ्या क्षेत्राला राजाचे नाव मिळाले नाही, दात्याचे मिळाले नाही. पाऊल चुकलेल्या एका मुक्या जनावराचे मिळाले.

या डोंगराच्या इतिहासात पावलांचा प्रश्न पुन्हा एकदा आला, तो गेल्या शतकात. इंग्रजी अमदानीत हा डोंगर खापर्डे यांच्या मालगुजारीत होता. एलिचपूरचे दानशूर श्रावक नत्थुसा पासुसा कळमकर यांनी आपल्या सोबत्यांसह १९२८ साली मंदिरांसह तो विकत घेतला. त्यामागचे कारण असे सांगितले जाते, की त्या काळी शिकारी लोक जोडे घालून डोंगरावर चढत आणि जनावरे मारीत. विनवण्या आणि अर्ज किती झाले असतील ते असोत. त्या श्रावकांनी शेवटी डोंगरच खरेदी केला. देवालय बांधण्यासाठी धन देणारे पुष्कळ असतात. आधीच उभ्या असलेल्या देवालयांभोवतीचे रान निर्भय व्हावे म्हणून रानाची किंमत मोजणारे विरळा. आज पायथ्याशी चपला काढताना हे किती जणांना आठवते, कोण जाणे.

इंग्रज अमदानीतच, १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय वास्तुकलेच्या इतिहासात जेम्स फर्ग्युसन यांनीही मुक्तागिरीची दखल घेतली होती. मंदिरांच्या घुमटांवरील मुसलमानी वास्तुशैलीचा प्रभाव त्यांना प्रकर्षाने जाणवला, आणि धबधब्याच्या पायाशी वसलेल्या मंदिरांच्या स्थानाने त्यांचे लक्ष वेधून घेतले. जैनांची डोंगरी तीर्थे बहुधा माथ्यावर असतात. येथे नालाच्या आकाराच्या दरीत, कड्याच्या आडोशाला, वर चढत आणि खाली उतरत शुभ्र मंदिरे बसली आहेत. एक तर खुद्द खडकातच कोरलेले आहे. त्यामुळे मुक्तागिरीची वंदना ही शिखर गाठण्याची चढाई नसते. दरीच्या एका बाजूने चढायचे, धबधब्याच्या अंगाने वळायचे, दुसऱ्या बाजूने उतरायचे. सुमारे सहाशे पायऱ्यांचा हा फेरा आहे.

पायथ्याशी पोहोचेपर्यंत ऊन वर आले होते. आजींनी पायथ्याच्या मंदिरात दर्शन घेतले, सभामंडपात भिंतीला पाठ टेकून जपमाळ काढली आणि नातीला जा म्हणाल्या. त्या स्वतः चढणार नव्हत्या. गुडघे हे एक कारण. दुसरे त्यांनी सांगितले नाही, आणि नातीला ते विचारावे लागले नाही.

श्रावणातील त्या पायऱ्या म्हणजे एक वेगळेच जग असते. मृगाचे मखमली लाल किडे तोवर मातीत परतलेले असतात. पण गोगलगायी, वाणी, बोटाच्या पेराएवढी बेडकाची पिल्ले आणि मुंग्यांच्या रांगा यांनी दगड भरलेला असतो. पायरीच्या कडेला आणि सांधीत शेवाळ असते. शेवाळ म्हणजे साधारण वनस्पती. एका शरीरात अनंत जीव, असे लहानपणी पाठशाळेत घोकलेले. ते आठवत अनवाणी पाऊल टाकायचे म्हणजे डोळे जमिनीवरून उचलता येत नाहीत. सेडोनाच्या वाटेवर जाड तळाचे जोडे असतात, त्यांतून खालचे काही कळत नाही. तेथे नजर मोकळी असते आणि ती लाल शिखरांकडे लागते. येथे तळव्याला प्रत्येक दगडाचा थंडावा, प्रत्येक खडा, प्रत्येक ओल कळत होती. पहिल्या पन्नास पायऱ्यांतच नातीच्या लक्षात आले, की तिचा वेग नेहमीच्या एक-चतुर्थांशावर आला आहे आणि मान दुखू लागली आहे.

मागून माणसे येत होती. सुटीचा दिवस असल्याने गर्दी होती. तरुणांचा एक घोळका गाणी लावून वर निघून गेला; त्यांच्यातल्या एकाच्या हातात टॉवेल आणि साबण होता. त्यांना हटकणारे कोणी नव्हते असे नाही, पण त्या आवाजात हटकणे ऐकू जाणार नव्हते. एक सधन कुटुंब मंदिरांचे क्रमांक मोठ्याने मोजत पुढे सरकले. मध्ये एका अरुंद पायरीवर वाण्यांचा मोठा जथा आडवा चालला होता. शेकडो, एकावर एक, संथ. पाय ठेवायला रिकामी जागा नव्हती. नात थांबली. तिच्यामागे रांग साचली. कोणीतरी म्हणाले, “चला ना ताई, किडेच आहेत.” कोणी बाजूच्या उतारावरून, ओल्या गवतातून पुढे गेले. आजींच्या दुसऱ्या अटीमुळे तिला ते करता येईना. तिने मागच्या माणसांची क्षमा मागितली आणि ती तशीच उभी राहिली. रांगेतील एक वृद्ध गृहस्थ, पांढरे धोतर नेसलेले, तिच्या शेजारच्या कठड्याला टेकले आणि माळ ओढू लागले. मग आणखी एक बाई थांबल्या, त्यांच्या लहान मुलाने वाकून वाणी मोजायला सुरुवात केली. आठ-दहा मिनिटांत पायरी मोकळी झाली. गवतातून गेलेली मंडळी तोवर धबधब्याखाली पोहोचली असावीत.

दिगंबर मुनी याच ऋतूत विहार का थांबवतात, हे त्या पायरीवर समजावून सांगण्याची गरज उरत नाही. आषाढी चतुर्दशीला वर्षायोग धारण करतात तो पावसाच्या त्रासापासून स्वतःला वाचवण्यासाठी नव्हे. ज्यांच्या हाती मयूरपिच्छी असते, ते मुनीदेखील या दिवसांत चालणे आवरते घेतात. कारण पाऊल कितीही हलके असले, पिच्छी कितीही मऊ असली, तरी जमिनीवर त्याला जागाच नसते. गृहस्थाला एवढे बंधन नाही. पण दरी सर्वांत देखणी दिसते तो काळ आणि दरीत पाऊल टाकणे सर्वांत अवघड असते तो काळ, हे दोन्ही एकच आहेत, ही गोष्ट मुक्तागिरीच्या श्रावणी गर्दीला सांगणारा फलक अजून लागायचा आहे. तो लागावा. त्यावर पापपुण्याची भाषा नको. सेडोनाच्या फलकासारखी साधी भाषा पुरे. येथे पायाखाली कोण आहे एवढे लिहिले तरी वाचणारे वाचतील.

पार्श्वनाथांच्या मंदिरात तिने बराच वेळ घालवला. बाहेर पाण्याचा आवाज इतका होता, की शेजारी पूजा म्हणणाऱ्यांचे शब्द ओठांवरूनच ओळखावे लागत होते. धबधब्याकडे नेणाऱ्या वळणावर पाण्याचे तुषार अंगावर आले. पुढच्या पायऱ्यांवर माणसांची दाटी होती, निसरडे होते आणि शेवाळाला वळसा घालायला वाव नव्हता. तेथे ती क्षणभर उभी राहिली, हात जोडले, आणि मान वर न करताच उतरणीला लागली.

खाली आली तेव्हा तीन तास झाले होते. आजींची माळ हातातच होती. त्यांनी आधी नातीचे पाय पाहिले, मग तिच्याकडे पाहिले.

“धबधबा पायला काय वो माय?”

“ऐकला, आजी,” नात म्हणाली.

आजींनी डब्यातली थालीपीठे काढली. परतीच्या वाटेवर आसेगावापर्यंत दोघीही झोपल्या होत्या.

दिवाळीनंतर, नात परत गेल्यावर, आजी नेमाप्रमाणे कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मुक्तागिरीला गेल्या. मुलाच्या खांद्याचा आधार घेत त्या यंदा निम्म्या पायऱ्या चढल्या. दगड कोरडे होते, वाटेवर ऊन होते, धबधब्याची धार अंगठ्याएवढी उरली होती. वाण्यांची ती पायरी कोणती, हे नातीने दूरध्वनीवर सांगितले होते. आजी तेथे थांबल्या. पायरी रिकामी होती. त्यांनी तरीही खाली पाहिले आणि मग पाय ठेवला.